शंभर सुया, एक अंगुस्तान आणि 'राजा' नावाचे जहाज

#थ्रेड #इतिहास

५ एप्रिल १८४१. लंडनजवळच्या वुलिच बंदरातून 'राजा' नावाचे जहाज निघाले. जहाजावर १८० स्त्रिया होत्या आणि सगळ्या शिक्षा झालेल्या कैदी होत्या. मुक्काम होता व्हॅन डिमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया. आपल्याकडच्या 'काळ्या पाण्या'ची ही युरोपीय आवृत्ती. अंदमानची वसाहत त्यानंतर सतरा वर्षांनी, १८५८ मध्ये उभी राहिली.

या स्त्रियांपैकी बहुतेकींचे गुन्हे किरकोळ चोरीचे होते. शिक्षा मात्र सात वर्षे, दहा वर्षे, कधी त्याहून अधिक. आणि शिक्षा संपल्यावर परतीचे भाडे स्वतःचे. म्हणजे व्यवहारात परत येणे नाहीच.

त्या काळी अशा जहाजांवर चढणाऱ्या स्त्रियांना एक पिशवी दिली जाई. इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे ते या पिशवीपाशी. तीत काय काय असे, याची यादी सुदैवाने टिकून राहिली आहे.

मोठ्या गोणपाटी पिशवीत एक बायबल, दोन ॲप्रन आणि एक काळी सुती टोपी. तिच्या जोडीला एक लहान पिशवी, आणि खरा ऐवज तिच्यात: एक फीत, एक औंस टाचण्या, शंभर सुया, पांढऱ्या सुती दोऱ्याच्या चार गुंड्या, काळ्या, निळ्या व तांबड्या दोऱ्याची एकेक गुंडी, काळ्या लोकरी धाग्याच्या दोन गुंड्या, रंगीत धाग्यांच्या चोवीस लडी, रफूच्या आठ सुया, नाडी ओवायची एक बोथट सुई, एक अंगुस्तान, एक कात्री आणि दोन पौंड, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम, कापडाचे तुकडे. ज्यांना गरज असेल त्यांना चष्मासुद्धा.

चष्म्याची नोंद वाचताना क्षणभर थबकायला होते. यादी करणाऱ्या व्यक्तीने कधीतरी, कुणा प्रौढ स्त्रीला सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना अडखळलेले पाहिले असले पाहिजे. कार्यालयात बसून केलेल्या यादीत चष्मा येत नाही.

याच यादीत आणखी एक गंमत आहे. कात्री प्रत्येकीची स्वतःची. शिक्षा झालेल्या १८० स्त्रिया, साडेतीन महिन्यांचा समुद्रप्रवास, डेकखालची कोंदट जागा, आणि प्रत्येकीच्या हातात धारदार कात्री! देणाऱ्याने एक तर फार मोठा विश्वास टाकला होता, किंवा शिवणकाम करणारा हात मारामारी करीत नाही अशी त्याची ठाम समजूत होती. बहुधा दोन्ही.

देणारी संस्था होती ब्रिटिश महिलांची, स्त्री-कैद्यांच्या सुधारणेसाठी १८२१ मध्ये स्थापन झालेली. तिच्यामागची प्रेरणा एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५). क्वेकर पंथाच्या या बाईंनी १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकले. लहान मुलांसह एकाच दालनात कोंडलेल्या, अंथरुणावाचून जमिनीवर निजणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या. पुढे तुरुंगात शाळा आणि शिवणकाम सुरू झाले आणि १८१८ पासून त्यांचे काम कैदी-जहाजांपर्यंत पोहोचले. २००२ ते २०१७ या काळात इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.

पण शिवणकामात तुकडे जोडण्याचेच काम का निवडले? हा प्रश्न साधा वाटतो, आणि उत्तर अगदी व्यावहारिक आहे. तुकडे स्वस्त पडतात. गिरण्यांचा आणि व्यापाऱ्यांचा उरलेला माल दानात मिळतो. तुकडा मांडीवर मावतो. त्याला टेबल लागत नाही, चौकट लागत नाही. जहाज हेलकावे खात असतानाही चार बोटे लांबीची शिवण घालता येते. शिवाय दहा जणींनी दहा कोपऱ्यांत बसून वेगवेगळे चौकोन जोडावेत आणि शेवटी ते एकमेकांना जोडून टाकावेत, अशी या कामाची घडणच आहे. डेकखालच्या अरुंद जागेसाठी याहून सोयीचे काम शोधून सापडले नसते.

आता त्या हत्यारांकडे जरा जवळून पाहू.

सुई. एकीला शंभर, या हिशेबाने १८० जणींच्या अठरा हजार सुया होतात. इतक्या सुया दानात देता येतात, कारण तोवर सुई स्वस्त झाली होती. इंग्लंडमधील रेडिच हे गाव तेव्हा सुयांच्या उत्पादनाचे जगातले मोठे केंद्र होते. तिथे सुईला टोक काढण्याचे काम कोरड्या दगडी चाकावर चाले. पोलादाची आणि दगडाची धूळ छातीत जाऊन ते काम करणारे कामगार तरुणपणीच फुप्फुसांच्या रोगाने मरत. स्वस्त सुईची किंमत कुणीतरी दुसऱ्याने मोजलेली होती.

दोरा. सुती शिवणदोरा ही तेव्हा तशी नवीच चीज. त्याआधी चांगला शिवणदोरा म्हणजे रेशमी किंवा तागी. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे ब्रिटनमध्ये रेशीम मिळेनासे झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील क्लार्क घराण्याने सुताचाच गुळगुळीत, बळकट दोरा तयार केला आणि १८१२ च्या सुमारास त्याचा कारखाना काढला. युद्धातून जन्मलेला हा दोरा पुढे तीस वर्षांत कैद्यांच्या पिशवीत पोहोचला.

अंगुस्तान. मराठीने हा शब्द फारसीतून उचलला. 'अंगुश्त' म्हणजे बोट. कात्री संस्कृत 'कर्तरी'वरून आली आणि सुई 'सूची'वरून. आपल्या शिंप्याच्या डब्यात संस्कृत आणि फारसी अशा शेजारी नांदतात, हे जाता जाता.

आणि कापडाचे तुकडे. इथे हिंदुस्थान कथेत येतो, तोही मागच्या दाराने नव्हे. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्या 'छींट', 'चीट' याचेच रूप. 'कॅलिको' हे नाव कालिकतवरून पडले. सतराव्या शतकात हिंदुस्थानी छापील कापडाने लंडनला असे वेड लावले, की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर उतरले. १७०० मध्ये छापील कापडाच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी आली. ती उठली १७७४ मध्ये. तोवर इंग्रज कारागीर आपल्या छपाईची नक्कल शिकून चुकले होते. 'राजा' जहाजावर गेलेले तुकडे इंग्लंडमधल्या गिरण्यांचे, पण त्यांच्यावरच्या वेलबुट्टीची आजी कोरोमंडल किनाऱ्यावरची. आणि त्या गिरण्यांत कातला जाणारा बहुतांश कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला. नऊशे ग्रॅम चिंध्यांत तीन खंडे होती.

१९ जुलै १८४१ रोजी जहाज होबार्टला पोहोचले. प्रवास १०५ दिवसांचा झाला. या दिवसांत स्त्रियांनी मिळून एक भली मोठी गोधडी तयार केली. प्रत्येक बाजू सव्वातीन मीटरांहून मोठी, तुकडे २,८१५. म्हणजे सरासरी दिवसाला सत्तावीस. आज ती 'राजा क्विल्ट' म्हणून ओळखली जाते.

काटेकोर बोलायचे तर तिला गोधडी म्हणणे चूकच. तिला अस्तर नाही, मधला थर नाही. ती एकेरी चादर आहे. मध्यभागी छापील चिटातून कातरून घेतलेली फुले आणि पक्षी पांढऱ्या कापडावर टाचलेले. त्याभोवती रंगीत तुकड्यांच्या पट्ट्यांच्या चौकटी, एकीबाहेर एक. टाके मात्र एकसारखे नाहीत. कुठे सराईत हात दिसतो, कुठे पहिल्यांदाच सुई धरलेला. इतिहासकाराला हा खडबडीतपणाच मोलाचा, कारण कामाच्या नोंदवहीत इतक्या जणींची हजेरी दुसरीकडे कुठेच लागलेली नाही.

हे काम बहुधा केझिया हेटर हिच्या देखरेखीखाली झाले. विशीतली ही तरुणी त्या महिला संस्थेने प्रवासासाठी पाठवली होती. (प्रवासात तिचा आणि कप्तान चार्ल्स फर्ग्युसन यांचा वाङ्निश्चय झाला. कादंबरीकारांना हा धागा सोडवत नाही. कैदी स्त्रिया मात्र त्यात पार्श्वभूमीला जातात.)

खालच्या किनारीवर बारीक टाक्यांत एक मजकूर भरलेला आहे. 'राजा' जहाजावरील कैदी स्त्रिया संस्थेच्या महिलांचे आभार मानतात. आपण कष्टाळू राहावे हा त्यांचा उपदेश आपण विसरलो नाही, याचा पुरावा म्हणून हे काम सादर करतात, असा त्याचा आशय. तारीख जून १८४१.

या मजकुरावर किती विश्वास ठेवावा? अडचण इथे आहे. कृतज्ञता खरी असू शकते. ज्या स्त्रीला तुरुंगात कुणी नावानेही हाक मारली नाही, तिच्या हातात कुणीतरी स्वतःची म्हणावी अशी कात्री दिली, ही गोष्ट लहान नाही. पण मजकुराची भाषा देणाऱ्यांची आहे. 'पुरावा' हा शब्द कैदी स्वतःहून शोधत नाही. तो तिच्याकडे मागितला जातो. सव्वातीन मीटर कापडावर उपकारकर्त्यांचा गौरवाने उल्लेख आहे, आणि शिवणाऱ्यांपैकी एकीचेही नाव नाही.

म्हणूनच मजकुरापेक्षा टाके अधिक खरे बोलतात, असे मानायला जागा आहे. मजकूर सांगून भरून घेता येतो. टाक्याची लांबी सांगून एकसारखी होत नाही.

आपल्याकडची गोधडी शेजारी ठेवून पाहिली की फरक लगेच उमगतो. तिला मोजपट्टी नको, नकाशा नको. विरलेली लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, जाड सुईने धावदोरा घालीत जायचे. माप वीत आणि हात यांचे. ती कुणाला पुरावा म्हणून दाखवायची नसते, त्यामुळे तिच्यावर तारीखही नसते. घरातले मूल मात्र बोट ठेवून सांगू शकते की हा तुकडा आजीच्या लुगड्याचा.

गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून निसटून उत्तर कन्नडच्या जंगलांत स्थिरावलेल्या आफ्रिकी पूर्वजांचे वंशज, म्हणजे सिद्दी. त्यांच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. सुरुवात कडेने होते आणि टाके फिरत फिरत मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे लहान त्रिकोण लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. त्यावाचून कवंदी उघडी वाटते अशी त्यांची भावना. तिथेही बळजबरीने समुद्रापार नेलेल्या माणसांचा इतिहास आहे आणि चिंध्या आहेत. फक्त तिथे पिशवी कुणी दिली नाही आणि आभारही कुणाचे मानायचे नव्हते.

'राजा क्विल्ट' होबार्टहून ब्रिटनला परत गेली असली पाहिजे, कारण १९८० च्या दशकात ती सापडली स्कॉटलंडमधल्या एका माळ्यावर. १९८९ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात, कॅनबेराला पोहोचली. एकूण सुमारे पंचवीस हजार स्त्रिया ब्रिटन व आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला धाडल्या गेल्या, हजारो पिशव्या वाटल्या गेल्या. प्रवासात शिवलेली म्हणून ओळखता येणारी आज ज्ञात असलेली ही एकच. बाकीच्या विकल्या गेल्या असतील, पांघरून पांघरून विरल्या असतील. कापड जुने व नाजूक असल्याने, उजेडाने रंग उडू नयेत म्हणून ती क्वचितच प्रदर्शनात मांडतात.

ती करणाऱ्या स्त्रिया होबार्टला उतरल्यावर शिक्षेच्या पुढच्या टप्प्याकडे गेल्या: कुणी कॅस्केड्स येथील स्त्री-कैद्यांच्या कारखान्यात, कुणी वसाहतीतल्या घरांत मोलकरीण म्हणून. एकेकीच्या पिशवीत उरलेल्या सुया आणि ते अंगुस्तान बरोबर गेले असेल.