जळमटं काढणारीचं तैलचित्र

चॅट्सवर्थ महालातली सोनेरी छतं बघून मान अवघडली होती. श्रीमंतांच्या पलंगांचं मला फारसं कौतुक नाही, त्यामुळे ‘आता महाल पुरे’ असं मी जाहीर करून टाकलं. तरी एर्डिगला गेले, कारण तिथे नोकरांची चित्रं आहेत. हा वाडा वेल्समधला, रेक्सहॅमजवळचा. इंग्लंडची सीमा तिथून जवळच.

इथे दर्शनी दारातून आत घेतच नाहीत. तबेले, सुतारशाळा, धुणंघर, स्वयंपाकघर असं मागच्या बाजूने जायचं. मी तिथेच खूश!

नोकरांच्या दालनात जेन एब्रेल भेटली. घरकामात आणि कोळ्यांची जाळी झाडण्यात हयात गेलेली ८७ वर्षांची म्हातारी. १७९३ मध्ये मालक फिलिप यॉर्कने तिचं तैलचित्र काढवलं आणि वर स्वतः रचलेलं पद्यही घातलं. पद्य सुमारच आहे, पण मोलकरणीवर रचलंय! भिंतीवर सुतार, लोहारही आहेत. मी विरघळत चालले होते, तेवढ्यात एलन पेनकेथची गोष्ट कळली. याच घराण्याने १९०७ मध्ये या कारभारणीला अफरातफरीच्या आरोपावरून कोर्टात उभं केलं. ज्युरीने तिला निर्दोष सोडलं.

दालनात बसलेल्या स्वयंसेविका आजींना मी विचारलं, “तुमच्या घरचं कुणी होतं का अशा नोकरीत?”

“माझी आजी. इथे नाही, दुसऱ्या वाड्यात. पहाटे उठून शेगड्यांना काळं पॉलिश लावायची. नखांतला काळा रंग रविवारीही जायचा नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, ती परत फिरलीच नाही. पुढे तो वाडा लोकांना खुला झाला, तर म्हणाली, जिना पुसायचे पैसे मिळायचे, आता बघायचे मी देऊ?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की एका गृहस्थांनी वळून पाहिलं.

अशी वाड्यांतली नोकरमाणसं गेली, करांनी इस्टेटी खाल्ल्या. एर्डिगच्या खाली तर कोळशाची खाण होती, घर पाच फूट खचलं. शेवटचा मालक तिथे विजेशिवाय राहिला आणि १९७३ मध्ये त्याने सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं.

वरचे दिवाणखाने मी दहा मिनिटांत उरकले. तुम्ही गेलात तर तुम्हीही तेच करा, आणि वाचलेला वेळ जेनबाईंना द्या.