मिसुरीचा मातकट उजेड

ओमाहाच्या संग्रहालयात कार्ल बोडमरची जलरंगचित्रं पाहिली, त्याला आता बराच काळ लोटला. पण त्यांतला उजेड अजून डोळ्यांतून उतरत नाही. मावळतीचा, मातकट, भिजवलेल्या गेरूसारखा. मिसुरीच्या गढूळ पाण्यावर तो आधी पसरतो, मग कड्यांवर चढतो, ढगांना लागतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात कधी शिरतो ते कळतही नाही.

१८३३च्या एप्रिलात सेंट लुईहून ‘यलोस्टोन’ ही आगबोट निघाली. तिच्यावर निसर्गाचा अभ्यासक असलेला जर्मन राजपुत्र माक्सिमिलियान होता, आणि चित्रं काढायला त्यानं सोबत आणलेला हा चोवीस वर्षांचा स्विस तरुण. किती सावकाश गेले असतील ते! काठावरची झाडं तोडायची, बॉयलरच्या भट्टीत घालायची. पाण्याखाली दडलेले ओंडके चुकवायचे, वाळूत रुतायचं, पुन्हा निघायचं. फोर्ट युनियनच्या पुढे आगबोटही नाही. मग मालवाहू होडी, आणि काठाकाठानं तिचा दोरखंड ओढत चालणारी माणसं. तेच मंदपण या उजेडात मुरलं असावं. नदीच घाई करू देत नव्हती, म्हणून तर पुढच्या पांढऱ्या कड्यांत बोडमरला बुरूज दिसले, मनोरे दिसले.

मग तो हिवाळा. फोर्ट क्लार्कला, मँडन या मूळनिवासी लोकांच्या गावाशेजारी. रंग गोठवणारी थंडी, आणि समोर सगळा साज लेवून उभा असलेला त्यांचा सरदार, मातो-तोपे. बोडमर त्याचं एकेक पीस, पिसाची एकेक कड रंगवत राहिला. मातो-तोपेनंही कागद आणि रंग घेतले, आपल्या लढायांची चित्रं आपल्याच हातानं काढली. कोण कुणाला न्याहाळत होतं, कोण जाणे.

चारच वर्षांनी, १८३७ साली, त्याच नदीवरून दुसऱ्या एका आगबोटीतून देवीची साथ आली. सुमारे सोळाशे मँडनांपैकी जेमतेम सव्वाशे-दीडशे उरले. मातो-तोपे गेला. अरेरे.

कातड्यांच्या व्यापारानं रुळवलेली ती जलवाट. तिच्यावरूनच मँडनांचे चेहरे जपणारा आला, आणि ते चेहरे पुसून टाकणारंही. म्हणून बोडमरचं निर्भेळ कौतुक माझ्यानं होत नाही. मन वळतं ते मातो-तोपेच्या चित्रांकडे. परक्यानं आपल्याला कितीही मायेनं रंगवलं, तरी आपली गोष्ट आपणच सांगायची असते, हे त्यानं ओळखलं होतं. आणि वेळ होता तोवर सांगूनही टाकलं.