टाळ्यांचा प्रतिध्वनी गावाकडे नेणारा फिडलवादक

कलावंत मोठा केव्हा होतो? परमुलखात टाळ्या मिळाल्या म्हणजे, की त्या टाळ्यांमुळे त्याची स्वतःची माणसे मान वर करून चालू लागली म्हणजे? दिवसपाळी करून रात्री जयंतीच्या मंडपात पेटी-ढोलकी घेऊन बसणारी आम्ही माणसे. हा प्रश्न आमच्यापुढे नेहमीच उभा असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या ड्यूई बाल्फा या फिडलवादकाची जीवनकथा आम्हाला वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. लोकगीतांच्या आणि नाचाच्या साथीला वाजवले की तिकडे त्याला फिडल म्हणतात.

बाल्फा केजन समाजाचे. त्यांचे फ्रेंच बोलणारे पूर्वज आजच्या कॅनडातील अकेडिया भागात शेती करीत. १७५५ पासून इंग्रज सत्तेने त्यांना घरादारांतून हुसकून लावले. त्यांपैकी पुष्कळजण पुढे लुइझियानात येऊन वसले. पण हेटाळणीने तिथेही पाठ सोडली नाही. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत इंग्रजी सक्तीची केली. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई, पुन्हा बोलणार नाही असे वहीत अनेकदा लिहावे लागे. आईची भाषा अडाण्यांची आणि बापाचे गाणे गावंढळांचे, ही लाज मुलांच्या मनात अशी शाळेतूनच पेरली गेली.

बाल्फांचा जन्म १९२७ साली मामू गावाजवळ झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत आणि फिडल वाजवीत. त्यांच्याकडूनच मुले वाजवायला शिकली. त्या काळी शनिवारी कुणाच्या तरी घरातले सामान बाहेर काढून नाचगाण्याची बैठक होई. लहान मुलांना आतल्या खोलीत झोपवून आयाबाया नाचायला येत. अशा नाचाला ‘फे दो-दो’ म्हणतात. फ्रेंचमध्ये बाळाला निजवतानाचे हे शब्द आहेत. ड्यूई आणि त्यांचे भाऊ विल दोन फिडली जोडीने वाजवीत. एकजण चाल धरी, दुसरा खालच्या सुरांवर ठेका सांभाळी. पोट मात्र फिडलीवर भरत नव्हते. ड्यूईंनी शेती केली, शाळेची बस चालवली, विमा विकला, फर्निचरचे दुकान चालवले. वाजवणे कामधंदा सांभाळूनच चाले.

१९६४ साली न्यूपोर्ट येथील मोठ्या लोकसंगीत महोत्सवाचे बोलावणे लुइझियानाच्या वादकांना आले. ऐनवेळी एक जागा भरायची म्हणून ड्यूई गेले, आणि तेही गिटार घेऊन. जवळच्या ओपेलूसस गावच्या वृत्तपत्राने तर आधीच टर उडवली होती. असले संगीत बाहेर नेऊन आपले हसे करून घ्यायचे, असा त्याचा सूर होता. म्हणजे परक्यांनी हसण्याआधीच घरचे हसले! प्रत्यक्षात न्यूपोर्टला हजारो श्रोत्यांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. घरच्या नाचात शेदोनशे माणसांपुढे वाजवणारा हा वादक थक्क झाला. परत येताना त्यांनी एकच ध्यास घेतला : या टाळ्यांचा प्रतिध्वनी गावाकडे पोचवायचा. १९६७ साली ते भावांना घेऊन पुन्हा न्यूपोर्टला गेले. पुढे तर ज्या शाळांनी फ्रेंचची लाज शिकवली होती त्याच शाळांच्या वर्गांत ते फिडल घेऊन जाऊ लागले.

परंतु बाबासाहेबांच्या विचाराची माणसे इथे थांबू शकत नाहीत. वरच्याने ज्याला तुडवले तो खालच्याशी कसा वागतो, हे पाहायला त्यांनी आपल्याला शिकवले आहे. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या प्रश्नाशी अस्पृश्यांच्या प्रश्नाचे साम्य दाखवले होते. त्या नजरेने पाहिले की केजन संगीताची दुसरी बाजू दिसते. हे संगीत गोऱ्यांनी एकट्याने घडवलेले नाही. आमेदे आर्द्वां हे फ्रेंच बोलणारे काळे क्रिओल अकॉर्डियनवादक. १९२९ साली त्यांनी डेनिस मॅकगी या गोऱ्या फिडलवादकासोबत ध्वनिमुद्रण केले. त्यांची गाणी गोऱ्यांच्याही घरी वाजली. पण गोऱ्यांच्या एका नाचात एका मुलीने त्यांना घाम पुसायला रुमाल दिला, त्या ‘अपराधा’साठी त्यांना बेदम मारले, असे तिथले जुने लोक सांगत आले. १९४२ साली सरकारी मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. गाणे घरात चाले, गाणारा माणूस मात्र उंबऱ्याबाहेर! ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

कॅनरे फॉन्टेनो हे दुसरे क्रिओल वादक. १९२२ चा जन्म, म्हणजे आपल्या वामनदादा कर्डकांच्याच वर्षाचा. गरिबीमुळे पहिली फिडल त्यांनी सिगारच्या खोक्याची बनवली. दाराच्या जाळीच्या तारा काढून त्या चढवल्या आणि झाडाच्या फांदीला शिवणाचा दोरा बांधून गज केला. १९६६ साली तेही न्यूपोर्टला वाजले.

मग १९७४ चा मार्च उजाडला. लाफायेट शहरातील मोठ्या सभागृहात केजन संगीताच्या गौरवाचा जलसा झाला. या संगीतावर माणसे आजवर नाचत आली होती. त्या रात्री नाच नव्हता, हजारो माणसे बसून नुसती ऐकत होती. आपल्याच गाण्याकडे तोंड करून ती पहिल्यांदा शांत बसली असतील. त्या मंचावर बाल्फा बंधू होते, वृद्ध मॅकगी होते, तसेच फॉन्टेनोंसारखे काळे क्रिओल वादकही होते. न्यूपोर्टच्या टाळ्यांपेक्षा ही रात्र आम्हाला मोठी वाटते.

१९७९ साली विल आणि रॉडनी हे भाऊ मोटार अपघातात गेले. पुढच्याच वर्षी पत्नीही वारली. तरी ड्यूईंनी फिडल खाली ठेवली नाही. १९८२ साली त्यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, १९८६ साली तो फॉन्टेनोंनाही मिळाला. १९९२ साली ड्यूई गेले. त्यांची मुलगी क्रिस्टीन हिने वडिलांचे संगीत पुढे चालवले. ज्या ओपेलूससच्या वृत्तपत्राने टर उडवली होती, त्याच गावी २०१८ साली आमेदे आर्द्वां यांचा पुतळा उभा राहिला. न्याय मिळाला खरा, पण शहात्तर वर्षे उशिरा.

आपल्याकडेही जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी पोचवला, आणि त्या शाहिरांतले कितीतरी जण विस्मरणात गेले. आपल्या वस्तीतही एखादी आजी, एखादे बुवा असतील ज्यांना जुनी गाणी तोंडपाठ आहेत. त्यांचे पुतळे पुढे केव्हातरी होतील. तोवर या रविवारी विहारातल्या वंदनेनंतर त्यांना मुलांसमोर खुर्ची द्या, आणि मुलांना बसून ऐकू द्या.