झिरपणाऱ्या शिरा

आमच्या डोळ्याची लाली गेली. पण तेवढ्यावरून आंतील दाह निवाला, असें डॉक्टर म्हणेनात. तें पाहण्यासाठीं हाताच्या शिरेंत फ्लुओरेसीन हा पिवळा रंग टोचतात; दहा-पंधरा सेकंदांत तो दृष्टिपटलांत पोंचतो. १९६१ सालीं ही रीत प्रसिद्ध करणाऱ्या नोव्होटनी व आल्व्हिस या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं माणसावरचा पहिला प्रयोग आल्व्हिसवरच केला होता! हल्लीं सुईवांचून, केवळ प्रकाशानें, तेथील रक्तवाहिन्यांचा नकाशा निघतो. पण त्यांत वाहतें रक्त दिसतें, झिरपणें दिसत नाहीं. आणि दाहानें शिरांच्या भिंती झिरपूं लागणें, हाच तर आमचा विकार. आम्हीं मुकाट्यानें हात पुढें केला. दिवसभर अंग पिवळें दिसलें, तें असो. चित्रांत एका शिरेच्या कडेला रंग धुक्यासारखा पसरला होता. औषध आणखी तीन महिने चालूं राहिलें.