दारं धरणाऱ्यांची रात्र

आमच्या नेवासे तालुक्यात जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पण देऊळ, पाळक, भजन, कीर्तन हे शब्द इथल्या मातीतलेच राहिले. ३१ डिसेंबरला या देवळात रात्रीची उपासना असते. पाळकसाहेबांचे दाखले ठरलेले: रात्री येणारा चोर, दिव्यातलं तेल संपलेल्या कुमारी, गेथशेमाने बागेत झोपलेले शिष्य. ते जागं राहायला सांगायचे आणि मागं सतरंजीवर अर्धी मंडळी डुलक्या घेत असायची. मुळेच्या पाटाला आवर्तन सुटलेलं असलं की आदली रात्र गव्हाला दारं धरण्यात गेलेली. दुसरं काय होणार?

आजी म्हणायची, "झोपू दे. कोण कशानं दमलंय ते देवाला ठावं हाये."

स्वतः मात्र ती कधी पेंगली नाही. तिला अक्षर येत नव्हतं. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकून ऐकून पाठ केलेली. टिळक काही वर्षं राहुरीला राहिले होते, म्हणून 'आपले राहुरीचे टिळक', जसे काही सोयरेच. पहाटे जात्यावर तीच भजनं. प्रार्थनेला डोळे मात्र उघडे. मी विचारलं तर म्हणाली, "चुलीवर दूध हाये, दारात शेरडं हायेत. डोळं मिटून कसं चालंल?"

पुढं विहिरीवर मोटर आली आणि रात्रीची लाईट आली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाप बॅटरी, काठी नि खोरं घेऊन निघायचा. उसात बिबट्या, बांधावर साप, त्यात ओल्या हातानं स्टार्टर. तो परत येईपर्यंत आजी ओट्यावर बसून असायची.

शेजारच्या वस्तीवरचा तरणा पोरगा अशाच एका रात्री स्टार्टरला चिकटून गेला. त्याची आई माळकरी. आजी रोज रात्री तिच्याकडं जाऊन बसायला लागली. बाराला लाईट आली की लांबवर मोटरी सुरू व्हायच्या आणि ती बाई दचकून उठायची. एका रात्री तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही रोज जागता, देवाला हाक मारता. माझं पोरगं काय मी झोपले म्हणून गेलं?"

आजी काही बोलली नाही. तिचा हात धरून उजाडेपर्यंत बसली.

मला वाटतं, उपदेशात इथंच गफलत होते. जागं राहिलं की संकट टळतं, असा हिशोब लोक त्यातून काढतात. गेथशेमानेत शिष्य जागे असते तरी प्रभूला धरायला आलेले शिपाई माघारी गेले नसते. त्यानं त्या रात्री सोबत मागितली होती. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती जाऊन बसली.

आता धाकट्या भावानं मोटरीला मोबाईलवरचा स्टार्टर बसवलाय. शेतात ठिबक आहे, दारं धरायचं काम उरलं नाही. तो अंथरुणातूनच मोटर चालू करतो आणि कूस बदलतो. आई तरी बाराला उठून ओट्यावर येते.

"झोप की आता," भाऊ आतून ओरडतो.

"पलीकडच्या वस्तीवर बॅटरी हालतीय," ती म्हणते. "त्यांच्याकडं कुठं ठिबक हाये?"