प्लूटोची पदावनती

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. आकाशाशी माझा संबंध सकाळी छत्री घ्यायची की नाही, एवढ्यापुरताच. तरीसुद्धा एका आकाशस्थ प्रकरणात मी लक्ष घातलं, त्याला कारण आमचे अण्णा.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पेपर उघडला आणि हातातला चहा तसाच निवला.

"अरे, प्लूटोला काढला!" ते अशा आवाजात ओरडले, की आई हात पुसत बाहेर आली.

"कोणाला काढलं? सर्व्हिस किती झाली होती?"

"शहात्तर वर्षं!"

"मग पेन्शन तरी मिळेल," असं म्हणून ती परत आत गेली. गणपती दोन दिवसांवर आले होते आणि तिला उकडीच्या पिठाची काळजी होती.

कारकुनाच्या स्वभावानुसार मी या प्रकरणाचे कागद पुढे बारकाईने तपासले. प्लूटो १९३० साली रुजू झाला. अमेरिकेत ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने फोटोच्या काचा ताडून पाहता पाहता त्याला हुडकलं. नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. म्हणजे बारसंही यथासांग झालेलं. पुढे आमच्यासारख्या लाखो पोरांनी नऊ ग्रह पाठ केले, आणि शेवटी 'प्लूटो' म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

मग बिघडलं कुठे? तर २००५ साली, पुढे 'एरिस' असं नाव मिळालेला एक पिंड सापडला. तो प्लूटोपेक्षा मोठाच असावा, असं तेव्हा वाटत होतं. कचेरीत वावरलेल्या माणसाला यातली अडचण सांगायला नको. त्याच लायकीचा नवा उमेदवार दारात आला, की एकतर त्यालाही बढती द्या, नाहीतर जुन्याला खाली उतरवा. आधी बढतीचाच विचार झाला होता. बारा ग्रहांचा मसुदा तयार होता. पण मग 'उद्या आणखी पन्नास येतील' ही भीती पडली, आणि मसुदा बारगळला.

शेवटी ग्रहपदासाठी तीन अटी ठरल्या. एक, सूर्याभोवती फिरणं. दोन, अंगच्या वजनाने गोल होणं. (या अटीत आमच्या बँकेतले निम्मे लोक सहज बसतात.) तीन, आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा केलेला असणं. या तिसऱ्या अटीवर प्लूटो नापास झाला. त्याच्या खिडकीपुढे गर्दी फार! त्याला 'बटुग्रह' असा नवा हुद्दा मिळाला. बिचाऱ्याची म्हातारपणी मुंज केली म्हणायची.

मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते मतदान. अधिवेशनाला सुमारे अडीच हजार मंडळी जमली होती. शेवटच्या दिवशी हात वर करायला उरली जेमतेम सव्वाचारशे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही हेच होतं. चहा होईपर्यंत सगळे हजर, आणि पाण्याच्या टाकीचा ठराव येतो तेव्हा अध्यक्ष, सेक्रेटरी आणि तिथेच डुलकी लागलेले एक आजोबा.

आणि लोक केवढे खवळले! न्यू मेक्सिकोत, जिथे टॉमबॉ पुढे प्राध्यापक होते, तिथे 'आकार महत्त्वाचा नाही' असे फलक घेऊन लोक उभे राहिले. २००७ साली तिथल्या विधानसभेने ठरावच केला, की प्लूटो आमच्या राज्याच्या आकाशातून जात असेल तेव्हा तो ग्रहच! म्हणजे हद्द ओलांडली की पुन्हा बटू. २००९ मध्ये टॉमबॉचं जन्मराज्य इलिनॉय, आणि २०२४ मध्ये ॲरिझोना! ॲरिझोनाने तर त्याला अधिकृत राज्यग्रह करून टाकलं. अमेरिकेतल्या भाषेच्या पंडितांनी 'प्लूटो करणे' म्हणजे एखाद्याची किंमत उतरवणे, हा २००६ सालचा शब्द म्हणून निवडला. आमच्या आत्याला मात्र काहीच वाटलं नाही. "आपल्या नवग्रहांत तो होताच कधी? राहू-केतू आहेत ना जागेवर? मग झालं!"

गणपतीच्या आरतीनंतर आमच्याकडे हाच विषय निघाला. शेजारचे काका मोदक फोडत म्हणाले, "नाहीतरी त्याचा उपयोग काय होता हो?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"पण त्याला हलवायचं कारण काय?" ते म्हणाले. "तो आपली फेरी मारतोच आहे ना? त्याने कामात काही कसूर केली का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थोड्याच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त व्हायचे होते.

ते झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. १ सप्टेंबरला सकाळी साडेनऊला अण्णा दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले मी पाहिले. कक्षा सुटत नव्हती. नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला त्यांच्या बँकेत गेले आणि परत येऊन नुसतं म्हणाले, "तिथला पोरगा मला 'ओ काका, बाजूला व्हा' म्हणाला." मी गप्प राहिलो. कारण त्याच सकाळी माझ्या खिडकीवरून मी तीन काकांना बाजूला केलं होतं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. दाखला घेऊन कुणी आलं, की शिक्का मारण्याआधी विचारतो, "आपण कुठे होतात?" रांग थोडी वाढते, साहेब डोळे वटारतात. पण समोरचा माणूस ताठ होतो आणि आपला जुना हुद्दा सांगतो. अर्ध्या मिनिटापुरता तो पुन्हा ग्रह होतो. आता नव्या भरतीत कारकुनालाही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पंख्याचा वारा पूर्वीइतकाच लागतो.

१४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं. जानेवारी २००६ मध्ये निघालं तेव्हा ते ग्रहाकडे निघालं होतं. सात महिन्यांत मुक्कामाचा हुद्दा बदलला, तरी ते परत फिरलं नाही. यानात टॉमबॉच्या थोड्या अस्थीही होत्या. पेपरात फोटो आला. प्लूटोच्या अंगावर बदामाच्या आकाराचा मोठा पांढरा भाग!

अण्णांनी चष्मा पुसून तो बघितला आणि मला हिशेब घातला. "सूर्याभोवती एक फेरी २४८ वर्षांची. मग त्याची शहात्तर वर्षांची नोकरी त्याच्या हिशेबाने किती?"

मी कॅल्क्युलेटर काढला. "जेमतेम पावणेचार महिने, अण्णा."

"बघ!" अण्णा म्हणाले. "प्रोबेशनसुद्धा पुरं होऊ दिलं नाही लेकाच्यांनी!"

आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी गरम असतानाच प्यायला.