दिवे बदलताय? मग पैठणीचाही विचार करा

आपल्या संग्रहालयातले हॅलोजन काढून एलईडी बसवायचं चाललंय. चांगलंच आहे. साधा हिशेब बघा : ५० वॅटचे ४० हॅलोजन आठ तास चालले की दिवसाला १६ युनिट. ७ वॅटचे एलईडी लावले तर सव्वादोन. शिवाय उष्णता कमी, अतिनील किरण जवळपास नाहीतच.

पण मंडळी, बिल कमी झालं म्हणजे वस्तू वाचल्या असं नाही. स्वस्तातल्या पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो. दगडी मूर्तीला, तोफगोळ्याला भरपूर उजेड चालतो. पैठणी आणि मोडी कागद यांना मात्र साधारण ५० लक्सच्या वर नको, असा संग्रहालयांचा दंडक आहे. आणि नुकसान साठत जातं : १०० लक्सचा एक तास म्हणजे ५० लक्सचे दोन.

परवा बातमीसाठी गेलो होतो. दालनात चिटपाखरू नाही आणि पैठणीवर तीन दिवे! वॉचमन म्हणाला, "बटण एकच आहे साहेब, दाबलं की सगळे लागतात."

म्हणून निविदेत नुसते वॅट आणि दर नकोत. ३००० केल्विनपर्यंतचा उबदार प्रकाश, सीआरआय ९० च्या वर, दिवा मंद करायची सोय आणि माणूस आला की लागणारा सेन्सर, एवढं लिहाच. बसवल्यावर लक्समीटरने मोजून मगच बिल काढा.

खर्च थोडा वाढेल. पण वाचवलेले पैसे मोजता येतात, पैठणीचा उडालेला रंग कुठल्याच निधीतून परत आणता येत नाही.